पोट उचलणारी मुंगी

कडुनिंबाच्या खोडावरून रांगेनं निघालेल्या बारीक काळसर मुंगीच्या वाटेत काडी आडवी धरावी आणि काय होतं ते सावकाश बघावं. ओट्यावरची नेहमीची काळी मुंगी असती तर सैरावैरा पळाली असती. ही थबकते, पाय रोवते आणि पोट वर उचलते. वर म्हणजे थेट पाठीवरून, टोक डोक्याकडे वळेल इतकं. मागून आलेली तेच करते, तिच्या मागची तेच. बघता बघता वीतभर सालीवर पोटंच पोटं उभी राहतात. भिंग लावलं तर कुणाकुणाच्या टोकाशी पांढुरका इवलासा थेंबही दिसतो. काडी बाजूला घेतली की पोटं खाली येतात, मिशा एकमेकींना लागतात आणि रांग पुन्हा चालू होते.

या एका हालचालीवर माझा जीव आहे. चांगल्या गवयाची एखादी जागा ऐकावी आणि तिच्यात त्याचं घराणं, तालीम, स्वभाव सगळं सापडावं, तसं या उचललेल्या पोटात अख्ख्या कुळाची ओळख सापडते. हे कुळ क्रेमॅटोगॅस्टर. मुंगीच्या कमरेला एक किंवा दोन मणी असतात आणि मुंगी ओळखायची तर आधी ते मोजायचे. हिला दोन. इतर दोन-मण्यांच्या मुंग्यांत मागचा मणी पोटाला समोरून जोडलेला असतो. हिच्यात तो वरच्या अंगाला जोडलेला आहे. सांधा एवढा सरकला, आणि पोट पाठीवर घेता येऊ लागलं. पोटाचा आकारही त्याला साजेसा आहे: वरून चपटं, मागे निमुळतं, बदामी. नांगीसुद्धा अणकुचीदार राहिलेली नाही. ती टोकाशी पसरट झाली आहे आणि टोचण्यापेक्षा विष माखायच्या कामाची आहे. समोर दुसऱ्या जातीची मुंगी आली की ही पोट पुढे झुकवून तो थेंब तिच्या अंगाला लावते. पाठ फिरवायची गरजच नाही. सगळी वळणं त्या एका सांध्यातून निघाली आहेत. इतक्या थोडक्यात इतकं साधलेलं मला दुसरीकडे क्वचितच दिसतं.

ही मुंगी बघायला बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा किंवा अंबाबरव्याच्या अभयारण्यात जायची गरज नाही. घाटावर चिखली-मेहकरकडे घराशेजारी कडुनिंब असतो, बांधावर बोर आणि बाभूळ असते. घाटाखाली खामगाव-नांदुऱ्याकडे परसात शेवगा, पेरू, लिंबू, आंबा. यांतल्या जुन्या झाडाला वाळका खुंट असला, साल कुठे सुटलेली असली, तर तिथे हिची वस्ती असण्याची शक्यता मोठी. आपल्या डोळ्यांना मात्र ती दिसते ती घरात शिरल्यावर. साखरेच्या डब्याभोवती, खिडकीच्या चौकटीत, विजेच्या बोर्डाच्या फटीत. मग आपण खडू, फवारा, हळद घेऊन धावतो. झाडाकडे कुणी बघत नाही.

बघायचं असेल तर रांगेपासून सुरुवात करावी. ती काही जमिनीवरची सरळ रेघ नसते. खोडावरच्या सालीला भेगा असतात आणि रांग भेगेच्या कडेकडेनं चढते, गाठीला वळसा घालते, मधेच दोन फाटे होऊन पुन्हा जुळते. वाटेची खूण कुठून उमटते हे कळलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. बऱ्याच मुंग्या वाटेवर वास सोडतात तो पोटाच्या टोकानं, पोट जमिनीला घासत. हिचं पोट तर लढाईसाठी मोकळं ठेवायचं आहे. म्हणून हिची वाटेची ग्रंथी मागच्या पायांत आहे. ही पावलांनी वास उमटवत चालते. पोट उचलून धरलेलं असतानाही खाली वाट लिहिली जातेच.

अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य किती हललं, ढेकूळ किती भिजलं, यावरून साल कसं जाईल ते सांगतात. ते भाकीत कितपत खरं, हा वाद इथे नको. बारीकशी खूण झुंजुमुंजू उजेडात वाकून पाहायची सवय मात्र या मातीला आहे, आणि मुंगीची रांग बघायला तीच सवय लागते. एप्रिल-मेच्या दुपारी रांग विरळ होते, दिवस कलला की दाटते. म्हणून संध्याकाळी साखरेच्या पाण्याचे दोन-तीन थेंब कागदावर ठेवून खोडाशी बसावं. पोट भरलेल्या मुंग्या ओळखू येतात: पोटाच्या पट्ट्या ताणून मधला पातळ भाग चमकू लागतो. त्या ज्या दिशेनं परततात, तिकडे वस्ती. खाली मातीत उतरल्या तर गोष्ट वेगळी. वर चढत गेल्या तर नजर त्यांच्याबरोबर वर न्यावी.

वस्ती बहुधा खुंटात असते. तारांखाली येते म्हणून कुणी कधी फांदी तोडलेली असते, हातभर खुंट तसाच राहिलेला असतो. तो वाळतो. लाकूड पोखरणारे भुंगेरे त्यात बोगदे करतात, पिल्लं वाढवतात, निघून जातात. मग या येतात. असा मोडून पडलेला खुंट उकलून बघण्यासारखा असतो. भुंगेऱ्यानं कोरलेल्या नळ्या मुंग्यांनी जोडून घेतलेल्या असतात. जिथे पोकळी फार मोठी, तिथे चावून मऊ केलेल्या लाकडाच्या भुशाचा पडदा घातलेला असतो, पातळ, तपकिरी, बोटानं चुरा होणारा. आत पांढऱ्या ढिगात बारीक अंडी, वाकड्या अळ्या आणि उघडे कोष. या कुळातले कोष रेशमाच्या पिशवीत नसतात, त्यामुळे मिटलेले पाय, मिशा, डोळ्यांचे काळे ठिपके सगळं बाहेरून दिसतं. जग अजून न पाहिलेली मुंगी हात-पाय छातीशी घेऊन पडलेली. हे एकदा पाहिल्यावर त्या खुंटावर रॉकेल ओतायला हात सहजी उचलत नाही, आणि तो उचलू नयेच.

लाकूड ती खात नाही, जिवंत झाडात बोगदाही करत नाही. मुंग्यांमुळे फांदी वाळली असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. क्रम उलटा आहे: फांदी वाळली म्हणून मुंग्या आल्या. सह्याद्रीच्या ओल्या रानात हेच कुळ भुशाचा लगदा करून फांदीवर फुटबॉलएवढी घरटी बांधतं, आणि तांबूस रंगाचा एक सुतारपक्षी त्याच घरट्यात भोक पाडून आपली अंडी घालतो. आपल्या कोरड्या भागात तो थाट नाही. मला हे साधं बिऱ्हाडच जास्त आवडतं. दुसऱ्यानं सोडलेल्या नळ्या, त्यात दोन पडदे, आणि संसार उभा.

झाडावर दिसणारी प्रत्येक मुंगी झाडाची नसते, आणि बंदोबस्त चुकतो तो नेमका इथे. आपला डोंगळा घ्या. मोठा, काळा कुळकुळीत, कमरेला एकच मणी. शास्त्रात कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. दिवसभर बाभळीवर चढ-उतार करतो म्हणून लोक बाभळीवर औषध मारतात. त्याचं घर झाडाच्या बुडाशी मातीत असतं. वर तो जातो त्याच्या कामाला, आणि ते काम फारच बघण्यासारखं आहे. बाभळीच्या कोवळ्या फांदीवर काट्याच्या आकाराचे, शिंगं असलेले तपकिरी किडे ओळीनं बसलेले असतात. त्यांचं नाव ऑक्सिऱ्हॅकिस टॅरँडस. ते फांदीत सोंड खुपसून रस पितात आणि जास्तीचा गोड रस मागून सोडतात. डोंगळा मागे उभा राहतो आणि दोन्ही मिशांनी किड्याच्या पाठीवर भरभर, हलक्या थापा देतो. एक थेंब बाहेर येतो. तो उडून जात नाही की ओघळत नाही. डोंगळा तोंड लावेपर्यंत किडा तो टोकाशी धरून ठेवतो. मग पुढचा किडा. जवळून पाहिलं तर ओळीतल्या लहान पिल्लांपाशी थापा आणखी हलक्या होतात, असं मला वाटतं. तुरीवरही शिंगाळ किडे असतात आणि तिथेही हेच चालतं.

कपाशीच्या जिल्ह्यात राहून आणखी एक गोष्ट बघायची राहू नये. कपाशीचं पान उलटं करावं. मधल्या शिरेवर, देठापासून थोड्या अंतरावर, बारीक खळी असते आणि तिच्यात गोड रस पाझरतो. फुलाशी त्याचा संबंध नाही. एरंडाच्या देठावर तशाच ठळक गाठी असतात, बाभळीच्या पानाच्या दांडीवरही असतात. झाड मुंगीला घरी बोलावतं ते असं, आणि आलेली मुंगी पानं खाणाऱ्या अळ्यांना हुसकावते. कपाशीवर पिठ्या ढेकूण आला की मात्र तीच मुंगी त्याची राखण करते, कारण गोड रस तोही देतो. मुंगी झाडाची मैत्रीण की शत्रू, हे ज्यानं झाडावर आणखी कोण कोण आहे ते पाहिलं त्यालाच सांगता येतं.

तिसरी मुंगी एकेकटी भेटते. लांबट, सडपातळ, सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्त. डोकं काळं, मधला भाग गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, पोट पुन्हा काळं. डोळे मोठे. ही टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. जर्डन या प्राणिशास्त्रज्ञानं १८५१ साली तिचं वर्णन केलं. रांग नाही, घाई नाही. खोडावर चालता चालता थांबते, डोकं वळवून बघते. वाळक्या फांदीच्या नळीत राहायचं म्हणून अंग असं सडसडीत. रंगसंगती तर अशी की तीन तुकड्यांत अख्खं चित्र पुरं व्हावं. या मुंगीला मात्र हात लावू नये. हिची नांगी पसरट झालेली नाही. डंख विंचवाच्या मानानं लहान, पण कळ खांद्यापर्यंत जाते. डंख झालेली जागा साबणानं धुवावी, बर्फ लावावा. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. या मुंगीच्या डंखानं जिवावर बेतल्याच्या नोंदी श्रीलंकेत आणि थायलंडमध्ये आहेत. अंगणातल्या झाडाला झोका बांधायचा असेल तर आधी ती फांदी दिवसाउजेडी नीट बघून घ्यावी.

मुंगीच्या रूपातला कोळीही याच खोडावर भेटतो. पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून हलवतो, चालही मुंगीचीच. पाय मोजले की आठ भरतात, आणि धोका दिसला की तो धाग्यावरून खाली लटकतो. मुंगी म्हणून त्याला मारून टाकू नये.

कोकणातले नातेवाईक आले की झाडावरची मुंगी म्हणताच त्यांच्या डोळ्यांपुढे हुमले येतात. आंब्याची, काजूची हिरवी पानं रेशमानं शिवून केलेले गोळे आणि त्यांतून अंगावर सांडणाऱ्या लाल मुंग्या. विणकर मुंगीची ती कला जगात गाजलेली आहे. कामकरी मुंग्या एकमेकींची कंबर जबड्यात धरून साखळी करतात, पानं ओढून जवळ आणतात, आणि मग स्वतःच्या अळीला तोंडात धरून पानाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर नेत-आणत राहतात. रेशीम अळीचं असतं. ती स्वतःच्या कोषाचं रेशीम घरासाठी देऊन टाकते. चीनमध्ये इसवी सन ३०४च्या सुमारास लिहिलेल्या, जी हान याच्या नावावरच्या ग्रंथात या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात आणि संत्रावर्गातल्या झाडांवर किडींच्या बंदोबस्तासाठी ठेवली जात, असं नोंदलं आहे. आपल्याकडे जळगाव जामोद-संग्रामपूरच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत, म्हणून ही गोष्ट इथल्या माणसाला सांगावीशी वाटते. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही कोकणातल्या मुंगीचा हिशोब इथे लावू नये. घाटावरच्या आंब्यावर पानांचा गोळा दिसला तर तो पुष्कळदा पानं जाळ्यात गुंडाळणाऱ्या अळीचा किंवा कोळ्याचा असतो, आणि आपली मुंगी त्या वेळी खालच्या वाळक्या खुंटात निवांत असते. आधी मुंगी ओळखावी, मग उपाय. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात रॉटन या वनाधिकाऱ्यानं १८९२ साली ‘अवर अँट्स’ ही लेखमाला लिहिली, बिंगहॅम यांचा मुंग्यांवरचा जाडजूड खंड १९०३ साली आला. या दोघांपासून पुढच्या प्रत्येक अभ्यासकानं हेच केलं आहे: आधी मुंगी हातात घेऊन कमरेचे मणी मोजले, मग तिच्याबद्दल तोंड उघडलं.

आता घरात आलेल्या रांगेचं. ती झाडावरून येत असेल तर तिला पूल लागतो. छपराला टेकलेली फांदी, कपडे वाळत घालायची दोरी, केबलची वायर, भिंतीवर चढवलेला वेल. पूल काढला की निम्मं काम होतं. फांदी आणि भिंत यांत दोन-तीन फूट मोकळी हवा ठेवावी. वाऱ्यानं फांदी हलते, हे मापात धरावं. मुंग्या खोडावरून उतरून जमिनीवरून येत असतील तर खोडाला पट्टा बांधावा: वीतभर रुंदीचं प्लॅस्टिक खोडाला घट्ट गुंडाळून, दोन्ही कडा सुतळीनं आवळून, मधल्या भागावर ग्रीस. सालीवर थेट ग्रीस लावू नये, साल गुदमरते. भेगाळलेल्या सालीवर प्लॅस्टिकखालून वाट राहते, तिथे आधी ओल्या मातीनं भेग बुजवून घ्यावी. आंब्यावर चढणाऱ्या पिठ्या ढेकणासाठी बागायतदार हेच करतात.

झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर तो जाईपर्यंत मुंगी हटणार नाही. पानं चिकट लागली, त्यांवर काजळी धरली, की समजावं. कोवळ्या शेंड्यावर पाण्याचा जोराचा फवारा, आणि मग शेतकऱ्यांच्या घरोघर माहीत असलेला ५ टक्के निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड, रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, चिमूटभर साबणाचा चुरा घालून, संध्याकाळच्या वेळी. परसातल्या लिंबाला, पेरूला एवढं पुष्कळ होतं.

वस्ती खरोखर घरालाच चिकटलेली असेल, चौकटीत, वाशात, तर आमिष ठेवावं. कपभर कोमट पाण्यात पाच-सहा चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा टाकणखार. कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात, रांगेच्या शेजारी. टाकणखार वाढवला तर मुंगी वाटेतच मरते आणि घरापर्यंत काही पोचत नाही. तो कमी ठेवण्यातच सारं आहे. पहिल्या दिवशी रांग उलट दाट होईल. घाबरून फवारा मारू नये. बोळा सुकला की बदलत राहावं आणि दोन-तीन आठवडे धीर धरावा. मुलांच्या, गुरा-कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवावं, हे सांगायला नकोच. आणि त्या वाशात ओल कुठून येते ते शोधावं. ओलीनं न कुजलेल्या, न पोखरलेल्या घट्ट लाकडात या मुंग्या राहायला येत नाहीत.

रांगेवरच फवारा मारणं मला दोन कारणांनी खटकतं. एक तर मरतात त्या बाहेर पडलेल्या. राणी आणि पिल्लं आत सुखरूप असतात. दुसरं, ओट्यावर, धान्याच्या कोठीशी ते औषध राहतं. जुन्या घरांत अजून माळ्यावर गॅमॅक्सिनची पुडी सापडते. त्यातलं लिंडेन २०१३पासून देशात वापरायलाच बंदी आहे. ती पुडी मुंग्यांसाठी उघडू नये, चुलीत किंवा उकिरड्यावरही टाकू नये. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका सकाळी झाडाच्या बुडाशी चिमूटभर पीठ-साखर टाकतात, “मुंग्यायले घास टाकला” म्हणतात. तिथे पोट भरलं म्हणून मुंगी घरात येत नाही असा त्यांचा हिशोब. हिशोब नेहमी जुळतोच असं नाही. पण ज्या बाईचं लक्ष रोज झाडाच्या बुडाशी असतं, तिला रांगेचा नवा फाटा सगळ्यांच्या आधी दिसतो.

घरापासून लांब, बांधावरच्या बोरीत, बाभळीत असलेल्या वस्तीला हात लावू नये. तिचं आपल्याकडे काही काम नाही, झाडावर मात्र पुष्कळ आहे. घराजवळच्या झाडाची छाटणी मृगाच्या आधी उरकावी. फांदी बुंध्याशी जिथे निघते तिथे सालीचं फुगीर कडं असतं. त्याला धक्का न लावता, त्याच्या बाहेरून स्वच्छ काप घ्यावा. मग झाड चहूबाजूंनी नवी साल आणून ती जखम बुजवतं. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, भुंगेरे येतात, भुंगेऱ्यांमागून मुंग्या येतात. म्हणून छाटायला आलेल्या माणसाच्या हाती कुऱ्हाडीऐवजी करवत द्यावी आणि तो खाली उतरायच्या आत काप बघून घ्यावा.